साइटवरून : थांबलेला मिस्त्री आणि उघडा डक्ट

बांधकामाविषयी वाचक जे विचारतात त्याची उत्तरं मी या पानावर देते. १९९३ साली डिप्लोमा घेऊन मानेवाड्याच्या एका साइटवर सुपरवायझर म्हणून उभी राहिले, तेव्हापासून नागपुरातच आहे. शेवटची बारा वर्षं प्रकल्प व्यवस्थापक होते. उन्हाळा तोंडावर आहे, त्यामुळे या वेळी स्लॅबची पत्रं जास्त आली.

प्रश्न : मॅडम, बेसा भागात चार मजली इमारतीवर मी साइट इंजिनिअर आहे. नोकरीला दोन वर्षं झाली. रोज चाळीसच्या वर माणसं असतात, तरी काम मागेच. मालक म्हणतात, मजुरांच्या ठिय्यावरून आणखी दहा जण उचल. ठेकेदार म्हणतो, ड्रॉइंगच उशिरा येतं. दिवसभर काम रेंगाळतं आणि संध्याकाळी सगळ्यांची धावपळ होते. मी नेमकं काय करू?

उत्तर : दहा माणसं तूर्त आणू नकोस. चाळिसांना वेळेवर सामान मिळत नाही, तिथे पन्नास जण आले तर आणखी दहा जण बसून राहतील आणि त्यांचा चुकारा मात्र द्यावा लागेल.

आधी एक दिवस काढ. एक चांगला मिस्त्री निवड आणि त्याच्याजवळ थांब. दर दहा मिनिटांनी वहीत एक खूण कर : काम चालू, सामानाची वाट, केलेलं तोडणं, परांचीची वाट. त्याला आधी नीट सांग, की मोजणी त्याची नाही, आपली आहे. न सांगता वही उघडलीस तर तो दिवसभर घाबरून भराभर विटा लावेल आणि तुला खरं काही दिसणार नाही.

मी हे पहिल्यांदा केलं ते दुसऱ्या मजल्याच्या वीटकामावर. मिस्त्री भंडाऱ्याकडचा, हात इतका सफाईदार की ओळंबा लावला की दोरी विटेला चिकटायची. जेवणाची सुटी सोडून आठ तासांच्या अठ्ठेचाळीस खुणा झाल्या. त्यात विटेवर हात असलेल्या फक्त एकवीस. नऊ वेळा विटा नव्हत्या, सात वेळा सिमेंट-रेतीचा मसाला आला नव्हता, सहा वेळा परांची उंच व्हायची होती आणि पाच वेळा तो सकाळीच लावलेल्या विटा फोडत होता, कारण इलेक्ट्रिशियनचा पाइप त्याच भिंतीतून जायचा होता आणि ते कोणी सांगितलंच नव्हतं. सकाळी ऑफिसात याच मिस्त्रीला मी आळशी म्हटलं होतं. संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन माफी मागितली.

मग आम्ही विटांचा रस्ता पाहिला. ट्रक गेटजवळ रिकामा व्हायचा, तिथून चार रेजा, म्हणजे मजूर बाया, डोक्यावर विटा घेऊन जिन्याने चढायच्या, आणि त्याच जिन्यात सेंट्रिंगवाले, म्हणजे स्लॅबचा तात्पुरता साचा बांधणारे, बल्ल्या उतरवत असायचे. दोघांपैकी एकाने थांबायचंच. आम्ही ट्रक मागच्या बाजूला, लिफ्टच्या पायथ्याशी घेतला आणि दुसऱ्या दिवसाच्या विटा आदल्या संध्याकाळीच मजल्यावर चढवायला लागलो. (एक सांभाळ : विटांची रास कधीही नव्या स्लॅबच्या मधोमध लावू नये. बीमवर, कॉलमच्या जवळ, आणि कमी उंचीची.) पुढच्या आठवड्यात त्याच मिस्त्रीच्या अठ्ठेचाळीसपैकी तेहतीस खुणा कामाच्या आल्या. मजुरी तीच होती, ऊनही तेच होतं.

आता तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य. तू ते सहज लिहिलंस, पण मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटली. संध्याकाळची धावपळ ही दुपारी थांबलेल्या कामाची वसुली असते. चार वाजता लोखंड आलं, की सहा वाजता अर्धवट उजेडात सळाखी बांधल्या जातात. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळाखीखाली अंतर राखणारे ठोकळे, राहून जातात, रिंगांचं अंतर चुकतं, आणि कोणीतरी पट्टा न लावताच कडेला जातो. मी तीस वर्षांच्या वह्या जपून ठेवल्या आहेत. ज्या पानावर 'माल उशिरा' असं लिहिलंय, त्याच पानाच्या तळाशी 'घसरला', 'बोट चेमटलं', 'कॉलम फुगला' हे मला पुन्हा पुन्हा सापडतं. उत्पादकता, दर्जा आणि सुरक्षा यांची तीन वेगळी रजिस्टरं आपण ठेवतो; साइटवर मात्र हे सगळं एकाच दुपारी बिघडतं.

उपाय शनिवारी आहे. चुकारा वाटण्याआधी अर्धा तास सगळ्या मुकादमांना आणि मुख्य मिस्त्र्यांना एकत्र उभं कर. पुढच्या आठवड्यात काय करणार हे त्यांनी सांगायचं, तू नाही. प्रत्येक कामाला पाच गोष्टी विचारायच्या : ड्रॉइंग हातात आहे का, सामान आहे का, माणसं आहेत का, परांची किंवा जागा तयार आहे का, आधीचं काम संपलंय का. एकही उत्तर 'येईल' असं आलं, तर ते काम यादीत घ्यायचं नाही. ते 'येईल' मार्गी लावायची जबाबदारी तुझी. पुढच्या शनिवारी मोजायचं : वीस कामं कबूल केली, किती झाली? राहिलेल्या प्रत्येक कामापुढे एकच कारण लिहायचं. कोणाचं नाव लिहायचं नाही.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी ही पद्धत उभी केली, तिला 'लास्ट प्लॅनर' म्हणतात. शेवटचं नियोजन जो प्रत्यक्ष करतो तो, म्हणजे आपला मुकादम. त्यांनी मोजलं तेव्हा आठवड्यासाठी ठरलेल्या कामांपैकी निम्म्याच्या आसपासच पूर्ण होत होती, आणि ती मोठमोठ्या कंपन्यांची कामं होती. म्हणून पहिल्या शनिवारी वीसपैकी नऊ आली तर खचू नकोस.

ड्रॉइंगचं म्हणशील, तर पंधरा दिवस पुढे पाहून मागायची सवय लाव आणि मागितल्याची तारीख लिही. मिस्त्रीकडून दिवसाला किती कामाची अपेक्षा धरावी यासाठी आयएस ७२७२ हे भारतीय मानक आहे, पण ते १९७४चं. तुझ्याच साइटवरच्या चार आठवड्यांच्या नोंदी त्याहून जास्त उपयोगी पडतील.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक. हुडकेश्वरला घर बांधतो आहे. मे महिन्यात पहिला स्लॅब टाकायचा आहे. ठेकेदार म्हणतो, चार दिवस पाणी मारलं की पुरे, सातव्या दिवशी सेंट्रिंग काढतो. शेजारी म्हणतात, एकवीस दिवस ठेवा. खरं कोणाचं?

उत्तर : गुरुजी, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, आणि चार दिवसांच्या पाण्याचं मात्र अजिबात खरं नाही.

आयएस ४५६ या २०००च्या मानकात हे स्पष्ट आहे. साध्या ओपीसी सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस तराई, म्हणजे सतत ओलं ठेवणं. हवा कोरडी आणि गरम असेल तर दहा. सिमेंटमध्ये फ्लाय ॲश (कोळशाची राख) वगैरे मिसळलेली असेल तर चौदा दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. आपल्याकडे घरकामाला बहुतेक पीपीसी येतं, म्हणजे फ्लाय ॲशचंच. गोणीवर छापलेलं असतं, वाचून घ्या. तेव्हा नागपूरच्या मे महिन्यात चौदा दिवस धरून चला.

सेंट्रिंगचं उत्तर स्लॅबच्या गाळ्यावर, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरावर आहे. गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू सात दिवसांनी, त्याहून मोठा असेल तर चौदा दिवसांनी. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंतच्या बीमला चौदा आणि त्याहून लांब बीमला एकवीस दिवस. हे आकडे ओपीसीचे आहेत. पीपीसीला सुरुवातीची ताकद सावकाश येते, त्यामुळे तुमच्या इंजिनिअरला विचारून त्यात वाढ करा. ठेकेदाराला प्लेटांचं भाडं पडतं, ती त्याची खरी अडचण आहे. जास्तीच्या आठवड्याचं भाडं कोण देणार हे आजच करारात लिहा, म्हणजे सातव्या दिवशी तुमचा वाद होणार नाही.

स्लॅबच्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चाळीस अंशांच्या वर काँक्रीट टाकणं हे आपल्या मानकांतही वेगळं प्रकरण मानलं आहे. पहाटे पाचला सुरू करा, दहा-साडेदहाला आटोपलं पाहिजे. आदल्या दिवशी गिट्टीवर पाणी मारून ती झाकून ठेवा. पाण्याची टाकी उन्हात तापू देऊ नका. काँक्रीट टाकायच्या आधी प्लेटा आणि सळाखी ओल्या करा, पण पाणी साचलेलं नको. मे महिन्यात आठ वाजताच सळाख हाताला चटका देते. काँक्रीटचं पाणीही ती तसंच ओढून घेते.

ऊन चढलं की माल, म्हणजे कालवलेलं काँक्रीट, आवळतो आणि मिक्सरवाला हळूच बादली ओततो. 'माल पळत नाही जी' असं म्हणतो. तुम्ही त्या मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसा. पन्नास किलोच्या गोणीला पंचवीस लिटर पाणी म्हणजे सिमेंटच्या निम्मं. ओल्या रेतीत असलेलं पाणीही याच हिशेबात धरायचं. तिथे तीस लिटर गेलं, की ताकदीचा पाचवा ते चौथा हिस्सा गेला. माल पळवायचा असेल तर त्यासाठी रसायन मिळतं, ते इंजिनिअरच्या सल्ल्याने मोजून घालतात. आणि चाचणीसाठी काँक्रीटचे क्यूब, म्हणजे ठोकळे, भरून घ्या. तुमचा स्लॅब बारा-तेरा घनमीटरचा असेल तर मानकाप्रमाणे दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब. सात दिवसांची चाचणीही हवी असेल तर तीन जास्त भरा.

तराई म्हणजे दोन वेळचा फवारा नव्हे. स्लॅबवर सिमेंटचे बुटके बांध घालून पाणी उभं ठेवा. कॉलमला गोणपाट गुंडाळा, कारण कॉलमकडे सगळे विसरतात. सकाळी सातला मारलेलं पाणी मे महिन्यात दहापर्यंतही टिकत नाही. मी दुपारी तीनला जाऊन गोणपाटाला हात लावायची. कोरडं लागलं, तर सकाळी कितीही पाणी मारलं असलं तरी त्याला मी तराई धरत नसे.

आणखी एक गोष्ट, आणि ही कृपा करून विसरू नका. तुमच्या घराला पुढे गॅलरी असणार. गॅलरीची मुख्य सळाख वरच्या बाजूला असते. काँक्रीट टाकताना मजूर तिच्यावरूनच घमेली घेऊन चालतात आणि ती दबून खाली बसते. वरून सगळं छान दिसतं, आतली सळाख मात्र जिथे काम करायची तिथे नसते. तिच्याखाली लोखंडी घोड्या पक्क्या बांधलेल्या आहेत का, चालायला फळ्या टाकल्या आहेत का, हे काँक्रीट सुरू होण्याआधी स्वतः वाकून पाहा. स्लॅबखाली कव्हर ब्लॉक वीस मिलिमीटरचे हवेत. गिट्टीचे तुकडे सरकवले असतील तर काढायला लावा.

प्रश्न : ताई, मी कामठीकडचा छोटा ठेकेदार. सेफ्टीचं मनावर घेऊन वीस पट्टे आणि हेल्मेट आणले. लोक घालत नाहीत. ओरडलो, दंड लावला, तरी तेच. मजुरांनाच जिवाची पर्वा नसेल तर आम्ही काय करायचं?

उत्तर : भाऊ, स्वतःच्या खिशातून वीस पट्टे आणलेत, ही मोठी गोष्ट आहे. पण तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य नाही. जिवाची पर्वा सगळ्यांना असते.

उद्या तुम्ही स्वतः पट्टा बांधा आणि तिसऱ्या मजल्याच्या कडेला जा. मग हुक हातात घेऊन पाहा, तो अडकवायचा कशाला? बांबूला? उघड्या सळाखीला? बहुतेक साइटवर उत्तर सापडत नाही. पट्टा आहे, पण आधाराचा दोर नाही. कॉलमपासून कॉलमपर्यंत पोलादी दोर ताणून द्या, आणि माणूस बाजूला सरकताना हुक न काढता सरकता आला पाहिजे. कमरेचा नुसता पट्टा नको, खांद्या-मांड्यांतून जाणारा हार्नेस हवा. पडल्यावर कमरेचा पट्टाच माणसाला इजा करतो. साडीवर काम करणाऱ्या रेजांना हार्नेस कसा बांधता येईल, हे त्यांनाच विचारा. आमच्याकडे त्यांनीच सुचवलं, वरून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि खाली सलवार. कपड्यांचे पैसे साइटने दिले, आणि मग कोणाला ओरडावं लागलं नाही.

पट्ट्याच्याही आधी कठडा. परांचीला किमान नव्वद सेंटिमीटर उंचीचा कठडा आणि पायाशी आडवी फळी असायलाच हवी. कठड्याला आठवण ठेवावी लागत नाही, तो सगळ्यांना सारखाच वाचवतो.

आता एक प्रसंग सांगते. त्या साइटची जबाबदारी माझी होती. तिसऱ्या मजल्यावर नळाच्या पाइपांसाठी स्लॅबमध्ये दोन फूट बाय तीन फुटांचा डक्ट, म्हणजे आरपार मोकळी जागा, सोडलेला. त्यावर प्लायचा तुकडा टाकला होता, खिळे मारले नव्हते. सकाळी मी तो पाहिला होता. 'झाकलेला आहे' असं वहीत लिहून पुढे गेले. त्या दिवशी प्लायचा ट्रक दोनला यायचा तो पाचला आला आणि तोही अपुरा. सव्वासहाला सेंट्रिंगवाल्याने ओरडून प्लाय मागितला. बावीस-तेवीस वर्षांची एक रेजा जवळच होती. तिने तो तुकडा दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरला आणि पुढे पाऊल टाकलं. तुकडा समोर धरल्यामुळे तिला खालचं काही दिसणारच नव्हतं.

खालच्या मजल्यावर मलबा पडलेला होता, त्यावर पडली म्हणून वाचली. खुबा आणि मनगट मोडलं. ती बांधकामावर पुन्हा आली नाही. दवाखान्यात तिची आई मला एवढंच म्हणाली, 'बाई, तिनं तर काम ऐकलं.' या वाक्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तेव्हापासून माझ्या साइटवर डक्ट झाकला म्हणजे खालून आडवे बत्ते ठोकून, वरून खिळे मारून, लाल रंग देऊन. त्यावर 'खाली खड्डा' असं मराठीत आणि हिंदीत लिहायचं, आणि पडणाऱ्या माणसाचं चित्र काढायचं, कारण बालाघाट-छत्तीसगडकडून येणाऱ्या कित्येकांना वाचता येत नाही. त्याहून चांगला उपाय आता इंजिनिअरला विचारून करतात : स्लॅबच्या सळाखींची जाळी डक्टमधूनही तशीच पुढे न्यायची आणि प्लंबर येईल त्या दिवशीच कापायची.

दंड बंद करा. सकाळी काम सुरू होण्याआधी दहा मिनिटं सगळे एकत्र उभे राहा आणि एकच प्रश्न विचारा : काल कोण पडता पडता वाचलं? पहिले आठ दिवस कोणी बोलणार नाही. ज्या दिवशी एखादा बोलेल, त्या दिवशी त्याने दाखवलेली गोष्ट दुपारच्या आत दुरुस्त करा. आणि मे महिन्यात साडेअकरा ते चार उन्हातलं काम ठेवू नका. नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, हेल्मेटखाली ओला दुपट्टा बांधलेला माणूसही चक्कर येऊन पडतो, आणि त्याला हार्नेस सावली देत नाही.

प्रश्न : वाठोड्याला ड्रेनेजसाठी सहा-सात फूट खोल चर खणतो आहे. काळी माती आहे, उभी राहते. टेकू लागतील का?

उत्तर : लागतील. आयएस ३७६४ प्रमाणे दीड मीटरपेक्षा खोल चराला दोन्ही बाजूंनी फळ्या आणि टेकू द्यावे लागतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीसारखी उभी दिसते. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांत उतरलं की अख्खी ढेप सुटते. उपसलेली माती काठापासून किमान दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी लांब टाका, दोन्हींत जास्त असेल ती. आत उतरायला शिडी हवीच. माती छातीपर्यंत आली तरी माणसाला श्वास घेता येत नाही, डोकं बाहेर असूनही.

प्रश्न : मॅम, मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट मॅनेजमेंटसाठी आधी बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) शिकू की साइटवर जाऊ?

उत्तर : दोन्ही कर, पण साइटवर आधी जा. आपल्या नागपूर मेट्रोने पाच मितींचं बिम वापरलं, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यासोबत वेळापत्रक आणि खर्चही एकाच ठिकाणी. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरच्या डबल डेकर पुलावर खाली महामार्गाचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो, एकाच खांबावर. वाहत्या रस्त्यावर असं काम पडद्यावर आधी उभं केल्याशिवाय जमत नाही. पण इलेक्ट्रिशियनचा पाइप कोणत्या भिंतीतून जातो हे बिमला कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारी तू व्हावीस, म्हणून साइट आधी.

प्रश्न : ताई, माझे बाबा मिस्त्री आहेत. मी बारावीला आहे. कामगार नोंदणी केली तर शिक्षणाला मदत मिळते असं ऐकलं. पण बाबा ठिय्यावरून रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जातात. त्यांना कागद कोण देणार?

उत्तर : बेटा, नोंदणी नक्की करा. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे ती होते. वय अठरा ते साठ आणि मागच्या बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस बांधकामावर काम, एवढी मुख्य अट आहे. मुलांच्या शिक्षणासाठी मंडळाच्या योजना आहेत. हे कोणाचे उपकार नाहीत. बांधकामाच्या खर्चावर जो एक टक्का उपकर घेतला जातो, तो याच कामगारांसाठी असतो. तुझ्या बाबांनी बांधलेल्या भिंतींमधूनच तो आला आहे.

नव्वद दिवसांचं प्रमाणपत्र ठेकेदार देऊ शकतो. तो रोज बदलत असेल तर शहरात महानगरपालिकेच्या आणि गावात ग्रामसेवकाच्या (आता ग्रामपंचायत अधिकारी) प्रमाणपत्रावरही काम होतं. पण तिथेही विचारतील, कधी आणि कुठे काम केलं? म्हणून एक छोटी वही घे. तारीख, कोणत्या भागातली साइट, ठेकेदाराचं नाव, त्याचा फोन. चार रकाने पुरेत. बाबांना लिहायला सांगू नकोस, ते थकून येतात. संध्याकाळी ते हातपाय धुऊन बसले की तू विचार आणि तूच लिही. जमलं तर आजच्या तारखेपासून सुरुवात कर.